मजकूर जातो, फोटो अडकतो: व्हॉट्सॲपवरचं चक्र कुठे थांबतं ते आधी शोधा

‘नेट चालू आहे, मेसेज जातायत, फक्त फोटोच जात नाही.’ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ही तक्रार रोज येते. त्यावर बहुतेक ठिकाणी एकच उपाय सांगतात, ॲप काढून परत टाका. निम्म्या वेळा त्याने काही होत नाही, आणि बॅकअप नसेल तर सगळ्या जुन्या गप्पा मात्र जातात. ॲप काढणं हा अगदी शेवटचा उपाय आहे, म्हणून तो इथेही शेवटीच दिला आहे.

मजकूर जातो आणि फोटो जात नाही, हीच यातली सर्वात उपयोगी खूण आहे. दोघांचा प्रवास वेगळा असतो. ‘पोचलो’ हा मेसेज काहीशे बाइट्सचा. तो आधीपासून उघडलेल्या जोडणीवरून क्षणात निघून जातो. फोटोचं तसं नाही. आधी ॲप मूळ फोटो वाचतं, तो लहान करतं, त्याची एक प्रत फोनमध्ये ठेवतं, ती कूटबद्ध म्हणजे कुलूपबंद करतं आणि मग व्हॉट्सॲपच्या मीडिया सर्व्हरवर चढवतं. चढवून झालं की समोरच्याला फक्त त्या फाइलचा पत्ता आणि ती उघडायची किल्ली एका छोट्या मेसेजमधून जाते. म्हणजे फोटो तीन ठिकाणी अडकू शकतो: चढवण्याच्या आधी फोनमध्येच, चढवताना नेटवर्कमध्ये, किंवा क्वचित सर्व्हरवर. कुठे अडकला ते कळलं की अर्धं काम झालं.

एक गैरसमज आधीच दूर करू. समोरच्याने ब्लॉक केलं म्हणून चक्र फिरत राहत नाही. ब्लॉक असेल तरी फोटो चढतो, चक्र जातं आणि एक टिक दिसते. दुसरी टिक येत नाही, एवढंच. तसंच एक टिक आली म्हणजे तुमच्याकडचं काम संपलं. पुढे समोरच्याचा फोन बंद आहे की त्याची जागा भरली आहे, याचा तुमच्या पाठवण्याशी संबंध नाही. न पोचलेली फाइल सर्व्हरवर ३० दिवस थांबते.

पाच मिनिटांच्या तीन चाचण्या

पहिली: वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाठवा. डेटावर असाल तर वायफायवर, नाहीतर घरातल्या दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर. एकावर गेला आणि दुसऱ्यावर नाही, तर फोन बहुधा निर्दोष आहे. फोनच्या सगळ्या सेटिंग्ज उचकू नका, थेट खालच्या नेटवर्कच्या भागाकडे जा.

दुसरी: आजच आलेला एखादा फोटो दुसऱ्या कुणाला फॉरवर्ड करा. फॉरवर्ड करताना तो परत चढवावा लागत नाही, सर्व्हरवर असलेल्या फाइलचाच पत्ता पुढे जातो. म्हणून फॉरवर्ड चटकन गेलं आणि तुम्ही काढलेला फोटो मात्र फिरत बसला, तर अडचण चढवण्यात आहे. फोटो आजचाच घ्या. फार जुना असेल तर सर्व्हरवरून गेलेला असतो आणि मग तोही नव्याने चढवावा लागतो.

तिसरी: नुकताच घेतलेला स्क्रीनशॉट पाठवून बघा. तो गेला आणि तो एक ठराविक फोटोच जात नाही, तर नेटवर्क आणि ॲप दोन्ही ठीक आहेत, दोष त्या फाइलचा आहे.

सगळ्यांचेच फोटो अडकले असतील तर थोडं थांबा. ३ जुलै २०१९ ला जगभर नेमकं हेच झालं होतं: मजकूर जात होता, फोटो, व्हिडिओ आणि व्हॉइस मेसेज अडकत होते. त्या दिवशी फोनमध्ये काहीही करून उपयोग नव्हता. घरातल्या दोन-तीन फोनवर, वेगवेगळ्या सिमवर एकाच वेळी फोटो अडकले तर आधी हीच शंका घ्या.

रोजचा डेटा संपलाय का?

आपल्याकडे हे कारण पहिल्या क्रमांकाचं आहे, आणि तरीही ते शेवटी सुचतं. रोज दीड किंवा दोन जीबीचा पॅक असतो. तो संपला की नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. वर डेटाची खूण दिसते, मजकूर जातो, म्हणून माणसाला वाटतं नेट चालू आहे.

जरा हिशोब करू. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, तेही सगळं सुरळीत असेल तर. व्हॉट्सॲपवर साध्या दर्जाचा फोटो साधारण २०० किलोबाइटचा धरला तर एका फोटोला २५ सेकंद. दहा फोटोंना चार मिनिटांच्या वर. एचडी दर्जाचा दीड एमबीचा फोटो असेल तर एकालाच तीन मिनिटं. १५ एमबीचा व्हिडिओ अर्धा तास घेईल. प्रत्यक्षात एवढा वेळ जोडणी टिकत नाही, मध्येच तुटते आणि फोटोवर परत पाठवण्याचा बाण येतो. त्यात मागे रील आपोआप चालू असेल किंवा गूगल फोटोजचा बॅकअप सुरू असेल तर त्या ८ किलोबाइटमध्येही वाटेकरी आले.

तेव्हा सिम कंपनीच्या ॲपमध्ये आजचा शिल्लक डेटा बघा. संपला असेल तर मध्यरात्रीनंतर नवा मिळतो, घाई असेल तर छोटा डेटा व्हाउचर घ्या. दोन सिमच्या फोनमध्ये डेटा कुठल्या सिमवरून चालला आहे तेही बघा. पॅक एका सिमवर आणि डेटा दुसऱ्यावर, असं फार घरांत असतं. फोटोचा दर्जा व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मीडिया अपलोड क्वालिटी इथे आहे. तिथे कायमचं एचडी करून ठेवलं असेल तर ते स्टँडर्ड करा. एखादा फोटो खरंच मोठा पाठवायचा असेल तर पाठवतानाच वरच्या एचडी बटणाने तेवढ्यापुरता निवडता येतो.

चार दांड्या आहेत, यूट्यूब चालतं, फोटो जात नाही

हे ऐकून बुचकळ्यात पडायचं कारण नाही. सिग्नलच्या दांड्या टॉवरचं तुमच्यापर्यंत किती पोचतं ते सांगतात. तुमचं टॉवरपर्यंत किती पोचतं, ते सांगत नाहीत. टॉवर कित्येक वॅट ताकदीने बोलतो. फोन साधारण ०.२ वॅटने. जाड भिंतींचा जुना वाडा, कोकणातलं जांभ्याचं घर, इमारतीखालचं पार्किंग अशा जागी टॉवरचं ऐकू येतं, पण फोनचं उत्तर तिकडे पोचत नाही. व्हिडिओ पाहणं म्हणजे उतरवणं, फोटो पाठवणं म्हणजे चढवणं.

त्यात आपल्याकडच्या काही पट्ट्यांची भर. ४जीची २३०० मेगाहर्ट्झची पट्टी आणि ५जीची ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासची पट्टी, दोन्हींत चढवणं आणि उतरवणं एकाच लहरीवर वेळ वाटून चालतं. वाटणीत उतरवण्याला बराच मोठा हिस्सा दिलेला असतो. ३.५ गिगाहर्ट्झ भिंतीतून आत येतानाही बरीच दमते.

म्हणून वेग मोजायच्या ॲपमध्ये डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, अपलोडचा बघा. अर्धा एमबीपीएस असेल तर साधे फोटो आरामात जातात. ०.१ च्या खाली असेल तर अडकणारच. उपाय असे करा:

— खिडकीशी किंवा गच्चीवर जा आणि विमान मोड दहा सेकंद लावून काढा, म्हणजे फोन टॉवर नव्याने निवडतो.
— सिमच्या सेटिंगमध्ये प्रिफर्ड नेटवर्क टाइप ५जीवरून ४जी किंवा एलटीई करा. घरात ५जीची खूण येत-जात असेल तर या एकाच बदलाने बहुतेकांचं काम होतं.
— पुन्हापुन्हा बाण दाबू नका. एकदम साठ फोटो निवडले असतील तर रद्द करून पाच-पाचचे गट करा.

विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीवर किंवा आषाढीला पंढरपुरात फोटो अडकला तर फोनमध्ये काही शोधू नका. एका टॉवरवर हजारो फोन एकाच वेळी चढवत असतात. गर्दीतून बाहेर आलात की तो आपोआप जाईल, फक्त ॲप जबरदस्तीने बंद करू नका.

फक्त घरच्या वायफायवर अडकतो

इथे कारणं वेगळी, आणि एक कारण असं की ते भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

केबलवाल्याने किंवा स्थानिक फायबरवाल्याने राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी दिली असेल, तर ती बहुधा पीपीपीओई पद्धतीची असते. नेटवरची माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत जाते. साध्या जाळ्यात एका पाकिटाचा कमाल आकार १५०० बाइट्स असतो. पीपीपीओई त्यातले ८ बाइट्स स्वतःसाठी घेतं, उरतात १४९२. राउटर नीट असेल तर तो फोनला वेळीच सांगतो की पाकिटं लहान कर. राउटर नीट नसेल, किंवा रीसेट होऊन त्याचं सेटिंग बिघडलं असेल, तर १५०० ची पाकिटं वाटेत गुपचूप टाकून दिली जातात. मजकुराचं पाकीट काहीशे बाइट्सचं, ते सुखरूप जातं. फोटोची पाकिटं भरगच्च, ती हरवतात. चक्र फिरत राहतं, चूक कुठेच दिसत नाही. ईमेल उघडते पण जोडलेली फाइल जात नाही, अशी जोडीची तक्रार असेल तर संशय पक्का समजा.

खात्री करायला राउटरच्या पानावर जा. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि तो राउटरखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. तिथे वॅन किंवा इंटरनेट या भागात एमटीयू नावाचा आकडा सापडेल, तोच पाकिटाचा कमाल आकार. आधीचा आकडा लिहून ठेवा. तो १४०० करा, सेव्ह करा, राउटर बंद-चालू करा आणि फोटो पाठवा. गेला तर गुन्हेगार सापडला. मग १४९२ करून बघा. तेवढ्यावरही जात असेल तर तोच ठेवा, नाहीतर १४५२. उगाच फार खाली ठेवू नका. पासवर्ड केबलवाल्याकडेच असेल तर त्याला नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हणून सांगू नका, तो वेग मोजून दाखवेल आणि जाईल. ‘एमटीयू तपासा’ म्हणा.

दुसरं कारण प्रायव्हेट डीएनएस. डीएनएस म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा. जाहिराती थांबवायला कुणीतरी फोनमध्ये एखादा डीएनएस टाकून दिलेला असतो आणि विसरलेला असतो. अँड्रॉइड ९ पासून हे सेटिंग आहे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘प्रायव्हेट डीएनएस’ असं टाका आणि ते ऑटोमॅटिक करा. याचा परिणाम मोबाइल डेटावरही होतो, त्यामुळे दोन्हीकडे फोटो अडकत असतील तरी हे बघाच. व्हीपीएन असेल तर तोही बंद करून बघा. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर मीडिया सर्व्हर मुद्दाम अडवलेला असू शकतो. तिथे वाद न घालता डेटावर या. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज अँड डेटामध्ये प्रॉक्सी नावाचा पर्याय आहे, तो कुणी चालू करून ठेवला नाही ना, तेही बघा.

चक्र सुरूही होत नाही

फोटो निवडताच ‘फाइल पाठवता येत नाही’ असं येतं, किंवा गॅलरीच रिकामी दिसते. मग नेटवर्क सोडा, दोष फोनमध्ये आहे.

बहुतेक वेळा जागा भरलेली असते. पाठवण्यासाठी ॲपला लहान केलेल्या फोटोची प्रत फोनमध्ये लिहावी लागते. जागाच नसेल तर प्रत होत नाही आणि प्रत नसेल तर पाठवायचं काय? निदान एक जीबी मोकळा असू द्या. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज अँड डेटामध्ये मॅनेज स्टोरेज उघडा. ‘पाच एमबीपेक्षा मोठ्या’ आणि ‘अनेकदा फॉरवर्ड झालेल्या’ असे दोन गठ्ठे तिथे तयारच असतात. सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ काढले की बहुतेक फोनांत चार-पाच जीबी सहज मिळतात. गॅलरीतून फोटो पुसून मात्र लगेच जागा होत नाही. ते ‘बिन’मध्ये, म्हणजे कचरापेटीत जातात आणि तिथेच पडून राहतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले ६० दिवस. बिन रिकामी केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.

दुसरं, परवानगी. अँड्रॉइड १४ मध्ये ‘फक्त निवडलेले फोटो’ असा एक मधला पर्याय आला. घाईत तोच दाबला जातो आणि पुढे नवे फोटो ॲपला दिसतच नाहीत. सेटिंग्ज, ॲप्स, व्हॉट्सॲप, परमिशन्स, फोटोज अँड व्हिडिओज इथे सगळ्यांना परवानगी द्या. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, फोटोज, व्हॉट्सॲप, फुल ॲक्सेस.

तिसरं कारण एकच फोटो अडत असेल तेव्हाचं. तो फोटो फोनमध्ये नसतोच. आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल, किंवा गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ दाबलेलं असेल, तर गॅलरीत दिसतं ते छोटं चित्र. मूळ फोटो क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर. तो आधी उतरवून घ्या आणि मग पाठवा. फोटो मेमरी कार्डवर असेल तर कार्ड मरायला टेकलेलं असू शकतं: फोटो फोनच्या मेमरीत कॉपी करून बघा, कॉपीच अडकली तर कार्ड बदला, आणि त्याआधी त्यावरचं उरलेलं सगळं काढून घ्या. फाइल थोडी बिघडलेली असेल तर एक जुगाड आहे. फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडून स्क्रीनशॉट घ्या आणि तो पाठवा. दर्जा थोडा कमी होईल, पण आधार कार्डचा फोटो बँकेत पाठवायला तेवढं चालतं.

फोनची तारीख चुकली असेल तरीही सर्व्हर सुरक्षित जोडणी देत नाही. पार डिस्चार्ज होऊन परत चालू केलेल्या जुन्या फोनवर हे होतं. तारीख-वेळ ऑटोमॅटिक ठेवा.

ॲप उघडं ठेवलं तर जातो, बाहेर आलं की थांबतो

हे बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगचं काम. स्क्रीन बंद झाली की फोन ॲपला झोपवतो आणि चढणारा फोटो अर्ध्यावर राहतो. शाओमीत ॲप इन्फो उघडून बॅटरी सेव्हरमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ करा. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या बॅकग्राउंड युसेज लिमिट्समध्ये ‘नेव्हर स्लीपिंग ॲप्स’च्या यादीत व्हॉट्सॲप घाला. ओप्पो, रिअलमी, वनप्लस यांत ‘अलाव बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी’ शोधा. शिवाय सगळ्याच अँड्रॉइडवर, डेटा सेव्हर चालू असेल तर व्हॉट्सॲपला ‘अनरिस्ट्रिक्टेड डेटा’ द्या. आयफोनवर लो डेटा मोड आणि मोबाइल डेटाच्या यादीतलं व्हॉट्सॲपचं बटण बघा.

व्हॉट्सॲप नव्हे, साध्या मेसेजमधून फोटो पाठवताना

एमएमएस, म्हणजे सिम कंपनीमार्फत फोटो पाठवायची जुनी सोय, भारतात आता जवळपास कुणी वापरत नाही. गूगल मेसेजेसमधून फोटो जातो तो आरसीएस या नव्या पद्धतीने, इंटरनेटवरून. आरसीएस जोडलेलं नसेल तर तोच फोटो एमएमएस म्हणून जायला निघतो आणि अडकतो. ॲपमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारून मेसेजेस सेटिंग्ज, आरसीएस चॅट्स उघडा. ‘कनेक्टेड’ दिसत नसेल तर बंद करून परत चालू करा. नंबर पडताळायला एसएमएस लागतो, तेव्हा सिमचा पॅक संपून आउटगोइंग बंद झालं असेल तर पडताळणी होणारच नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळी. तिथे एमएमएस अजून नेहमीच्या वापरात आहे, आणि भारतातून नेलेल्या फोनमध्ये तिथलं सिम घातलं की मजकूर जातो, फोटो जात नाही, असं हमखास होतं. कारण बहुधा एपीएन, म्हणजे फोनने सिम कंपनीच्या डेटाला कसं जोडायचं ते सांगणारं सेटिंग. नुसत्या इंटरनेटचा एपीएन आपोआप भरला जातो, पण एमएमएससी हा एमएमएस सर्व्हरच्या पत्त्याचा रकाना रिकामा राहतो किंवा एपीएन टाइपमध्ये एमएमएस हा शब्द नसतो. कंपनीच्या मदत-पानावरचे आकडे-पत्ते जसेच्या तसे भरा. स्वस्तातल्या छोट्या कंपनीचं सिम असेल तर मूळ मोठ्या कंपनीचा एपीएन घालू नका, दोन्ही वेगळे असू शकतात. एमएमएस सहसा वायफायवरून न जाता मोबाइल डेटावरून जातो, म्हणून घरी वायफाय असलं तरी डेटा चालू लागतो. भारतातलं सिम ओटीपीसाठी दुसऱ्या खाचेत असेल आणि डेटासाठी चुकून तेच निवडलेलं असेल, तर फोटो तिथेच अडतो. आयफोनवर मेसेजेसच्या सेटिंगमध्ये एमएमएस मेसेजिंगचं बटण चालू आहे का ते बघा. आकाराची मर्यादा कंपनीनुसार साधारण एक एमबीच्या आसपास, तेव्हा व्हिडिओचा हट्ट सोडा.

ॲप काढायची वेळ आलीच तर

आधी अपडेट करा. मग अँड्रॉइडवर ॲप इन्फो, स्टोरेजमध्ये फक्त ‘क्लिअर कॅशे’ दाबा. शेजारचं ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ दाबू नका, ते ॲप काढून टाकण्यासारखंच आहे. फोन बंद-चालू करा आणि परत पाठवून बघा.

तरीही अडलं तर व्हॉट्सॲपच्या चॅट्स, चॅट बॅकअपमध्ये शेवटच्या बॅकअपची तारीख बघा. कितीतरी फोनांवर ती सहा-आठ महिन्यांपूर्वीची निघते, कारण गूगल ड्राइव्हचे फुकटचे १५ जीबी भरलेले असतात आणि व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. ड्राइव्हमध्ये जागा करा, वायफायवर बॅकअप घ्या, तारीख आजची झाली याची खात्री करा. बॅकअपला पासवर्ड लावलेला असेल तर तो आठवतो का तेही आत्ताच तपासा, कारण तो नसेल तर कंपनीलाही तो बॅकअप उघडून देता येत नाही. सिम फोनमध्ये आणि चालू हवं, परत नोंदणीचा कोड त्याच नंबरवर येतो. एवढं झालं की मगच अनइन्स्टॉल दाबा.